रणगाडा पुढे की पायदळ? ओर्तोना आणि आखेन

वॉरगेमच्या (टेबलावर खेळायच्या लढाईच्या खेळाच्या) टेबलावर दुसऱ्या महायुद्धातलं शहर मांडायचं, तर आधी एक ठरवावं लागतं: रस्त्यात शर्मन (अमेरिकन बनावटीचा रणगाडा) पुढे घालायचा की माणसं?

ओर्तोना, इटली, डिसेंबर १९४३. जर्मन पॅराशूट सैनिकांनी घरं पाडून बाजूच्या गल्ल्या बुजवल्या, म्हणजे कॅनडियनांनी मुख्य रस्त्यानेच यावं. ढिगाऱ्यात सुरुंग, पलीकडे रणगाडाविरोधी तोफ. शर्मन ढिगाऱ्यावर चढला की नाक वर आणि पोटाचा पातळ पत्रा थेट तोफेसमोर. म्हणून पायदळाने रस्ताच सोडला. वरच्या मजल्यावर सामाईक भिंतीला स्फोटकं लावायची, आडोशाला जायचं, धूळ बसायच्या आत भगदाडातून ग्रेनेड टाकायचे आणि वरून खाली एकेक खोली रिकामी करत यायचं. रणगाडे मागून खिडक्या फोडत. धोका एकच, पण मोठा: घरातच स्फोटकं पेरलेली असली तर? एडमंटन या कॅनडियन रेजिमेंटची जवळपास अख्खी प्लाटून (पायदळाची छोटी तुकडी) अशाच एका घराखाली गाडली गेली. (त्याच आठवड्यात डावीकडे विला ग्रांदेत आपली आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती, मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही त्याच डिव्हिजनमधली.)

आखेन, जर्मनी, ऑक्टोबर १९४४. इथे अमेरिकनांनी रणगाडे पायदळाच्या प्लाटूनांनाच जोडून दिले. रणगाड्याने पुढच्या घरावर गोळे टाकायचे. आतले तळघरात पळाले की पायदळ ग्रेनेड घेऊन आत. जाड भिंतींसाठी १५५ मिमीची, स्वतःच्या इंजिनावर चालणारी तोफ थेट रस्त्यावर आणली. एकही तळघर वगळायचं नाही, कारण जर्मन गटारांतून मागे उगवायचे. मग मॅनहोलची झाकणंही बंद केली.

आखेनची पद्धत वेगवान दिसते, पण दारूगोळा पाण्यासारखा खाते. शिवाय शर्मनची ७५ मिमी तोफ जेमतेम २५ अंश वर उचलते. १० मीटरवरच्या घरात साधारण ७ मीटर उंचीच्या वर तिचा गोळा पोचत नाही, आणि पॅन्झरफाउस्टचा (जर्मनांच्या हातातल्या रणगाडाविरोधी शस्त्राचा) पल्ला ३० ते ६० मीटर. वरच्या खिडक्या पायदळाने धरल्या नाहीत, तर रणगाडा गेलाच.

माझं मत: रुंद रस्ते, सुटी घरं आणि भरपूर गोळे असतील तर आखेन. भिंतीला भिंत लागलेलं जुनं गाव असेल तर ओर्तोनाच, मात्र प्रत्येक सेक्शनला (प्लाटूनमधल्या लहान गटाला) भिंती फोडायची स्फोटकं मोजूनच द्या. नाहीतर खेळाडू दोन चालींत अख्खी आळी पोखरतात.