जुन्या मराठी पुस्तकांचे मोफत स्कॅन: आठ महिने वापरल्यानंतर

स्वातंत्र्यापूर्वीचं मराठी साहित्य अभ्यासायला नेटवर मोफत मिळणाऱ्या स्कॅनना तोड नाही. पण स्कॅनसोबतच्या नोंदीवर (नाव, लेखक, वर्ष) विसंबलात की फसलात.

शोधतानाच पहिली अडचण येते. नावं बहुधा रोमन लिपीत, हवी तशी चढवलेली असतात. 'ळ', 'ष', 'ज्ञ' प्रत्येकाने वेगळे लिहिलेले. पुस्तकाच्या नावाने हाती लागलं नाही, तर लेखकाच्या आडनावाने, दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा.

नोंदीतलं वर्ष थेट तळटीपेत घालू नका, आतलं शीर्षकपान उघडा. तिथे बऱ्याचदा इसवी सनाऐवजी शालिवाहन शक असतो. शके १८०५ म्हणजे ७८ मिळवून इ.स. १८८३, शकाच्या अखेरच्या महिन्यांतलं पुस्तक असेल तर १८८४. मग शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची, म्हणजे छापील मराठी पुस्तकांची यादी, पाहा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे तिचे दोन भाग आहेत. तिथली पृष्ठसंख्या स्कॅनशी जुळली नाही, तर एक तर पानं गळलीत किंवा आवृत्ती दुसरी आहे. हे पाच मिनिटांचं काम टाळू नये.

स्कॅनमधला शब्दशोध मात्र भरवशाचा नाही. जुन्या टायपातला 'ख' यंत्र 'रव' वाचतं, 'ध' आणि 'घ' यांची अदलाबदल होते. शिवाय १९६२च्या लेखननियमांआधीचे अनुस्वार असतात, म्हणून 'घरात' शोधून काही निघालं नाही तर 'घरांत' टाकून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ तुकोबांच्या गाथेचा. सरकारी मदतीने १८६९ ते १८७३ या काळात निघालेल्या इंदुप्रकाश छापखान्याच्या प्रतीतले अभंगांचे क्रमांक आणि वारकरी संप्रदायातल्या विष्णुबुवा जोगमहाराजांनी काढलेल्या गाथेतले क्रमांक वेगळे आहेत. नुसतं 'अभंग १२५०' लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. प्रतीचं नाव आणि अभंगाचा पहिला चरण दोन्ही द्या.

शब्दार्थासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उत्तम चालतो. लेखकांच्या तोंडओळखीला मराठी विश्वकोश बरा, कारण नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावरच्या प्रबंधांतून मात्र आधी संदर्भसूचीची फाइल उतरवा. खरा उपयोग तिचाच.

पान गळलंच असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुणे मराठी ग्रंथालय गाठावं. निघण्यापूर्वी लेखक, प्रकाशक, वर्ष टिपून न्या आणि फोटो काढू देतात का ते फोनवर विचारून घ्या. जीर्ण प्रती झेरॉक्सला सहसा मिळत नाहीत.