पाण्यातलं शिसं, आर्सेनिक: ग्राफाइट फर्नेस की आयसीपी-एमएस?

पाण्यातले धातू मोजणारी ही दोन्ही यंत्रं लिटरमागे एका मायक्रोग्रॅमच्याही खालचं शिसं पकडतात. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तिथे दोन्ही चालतात. फरक आहे तो कामाच्या पद्धतीत.

ग्राफाइट फर्नेसमध्ये जेमतेम 20 मायक्रोलिटर नमुना ग्राफाइटच्या नळीत वाळवतात, जाळतात आणि मग अणुरूप करून त्याने किती प्रकाश शोषला ते मोजतात. एका फेरीला दोन-तीन मिनिटं, आणि तीही साधारण एकाच मूलद्रव्यासाठी. दहा धातू हवे असतील तर दिवस गेलाच म्हणा.

आयसीपी-एमएस हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात अणूंचे आयन (विद्युतभारित अणू) करून ते वस्तुमानानुसार वेगळे करतं. दोन-चार मिनिटांत डझनभर मूलद्रव्यं! शिशाची समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) वेगळी दिसतात, त्यामुळे प्रदूषण कुठून आलं याचा माग काढता येतो. फर्नेसला हे जमत नाही.

पण खारं पाणी आलं की पंचाईत. आर्गॉन आणि मिठातलं क्लोरीन मिळून 75 वस्तुमानाचा आयन बनतो, आणि आर्सेनिकही नेमकं 75चंच! असे जोड-आयन हेलियमशी धडकवून मागे पाडणारी टक्कर-पेटी आल्यापासून हा घोळ बराच आवरला. तरी समुद्राचं पाणी पातळ करूनच द्यावं लागतं, नाहीतर आयन आत घेणाऱ्या बारीक छिद्राच्या शंकूंवर मीठ साचतं. शिवाय आर्गॉन मिनिटाला पंधरा-वीस लिटर जातो.

रोज मोजकेच नमुने आणि एक-दोन धातू असतील, तर मी फर्नेसच घेईन.