करिअरसाठी ब्लॉग: आठ-नऊ महिने लिहिल्यानंतरचा अनुभव

नोकरीत तीन-चार वर्षं काढलेल्या माणसाने ब्लॉग लिहावा का, यावर सुरुवात करण्याआधी मी बरंच वाचलं होतं. सगळीकडे पालुपद एकच: स्वतःचा ब्रँड उभा करा. तर आधीच सांगून टाकते, ब्रँड वगैरे काही उभा राहिलेला नाही. रोजचे वाचक आजही मोजकेच आहेत. तरीही ब्लॉग चालू ठेवणार आहे, कारण कामात त्याचा उपयोग झाला आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा वेगळ्याच बाजूने झाला.

मी डेटा अॅनालिस्ट आहे. एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि 'हा आकडा त्या आकड्याशी का जुळत नाही' यात दिवस जातो. ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःचं. वर्डप्रेस 2003 पासून चालू आहे, त्यामुळे काहीही अडलं तर उत्तर कुठेतरी लिहिलेलं सापडतंच. थीम साधी घेतली. यापेक्षा जास्त वेळ या भागावर घालवायची गरज नाही.

खरा मुद्दा आहे काय लिहायचं. पहिल्या काही पोस्ट 'डेटाच्या क्षेत्रात टिकायचं तर' छापाच्या होत्या. त्या कोणी वाचल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर वाचाव्यात अशा नव्हत्याही. मग कामात एक त्रास झाला. दुसऱ्या टीमकडून आलेल्या फाइलमधल्या तारखा माझ्या फाइलमध्ये पेस्ट केल्या की सरसकट चार वर्षं आणि एक दिवस मागे जायच्या. 15 मार्च 2023 चं व्हायचं 14 मार्च 2019. कारण असं की एक्सेल तारीख म्हणजे आत एक आकडाच साठवतं, आणि मोजणीच्या पद्धती दोन आहेत. एक 1900 पासूनची, दुसरी 1904 पासूनची, जी मॅकवरच्या जुन्या फाइलींमध्ये हमखास सापडते. दोन्हींमध्ये फरक 1462 दिवसांचा.

उपाय दोन ओळींत सांगता आला असता. पण पोस्ट लिहायची म्हटल्यावर 1462 च का, हे सांगणं भाग होतं. 1900 ते 1903 या चार वर्षांचे 1460 दिवस. एक पद्धत 1 पासून मोजते, दुसरी 0 पासून, म्हणून आणखी एक. आणि उरलेला एक दिवस चक्क अस्तित्वात नसलेला: 29 फेब्रुवारी 1900. 1900 हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस 1-2-3 हे एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट ते लीप धरायचं आणि तिथल्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने तो दिवस तसाच ठेवला. रिकाम्या सेलमध्ये 60 लिहून तारखेचा फॉरमॅट दिला की 1900 च्या पद्धतीत तो अजूनही दिसतो. मी एक्सेल इतकी वर्षं वापरत होते, पण हे सगळं एका धाग्यात लावून बघायची वेळ कधी आली नव्हती. लिहिताना आली. ब्लॉगचा पहिला फायदा मी हाच धरते, आणि त्याला वाचक लागत नाहीत.

दुसरा फायदा ऑफिसात झाला. त्या पोस्टची लिंक मी एका सहकाऱ्याला दिली, त्याने पुढे दिली, आणि काही दिवसांनी तीच लिंक तिसऱ्याच टीमच्या चॅटमध्ये फिरताना दिसली. तोपर्यंत त्या टीमला माझं नावही माहीत नव्हतं. नंतर तारखांचा काही घोळ झाला की 'तिला विचारा' सुरू झालं. अप्रेझलच्या वेळी 'इतर टीमना केलेली मदत' या रकान्यात नेहमी मोघम काहीतरी लिहावं लागायचं, यंदा तिथे लिंक टाकता आल्या.

तिसरा इंटरव्ह्यूत. दुसऱ्या एका जागेसाठी गेले होते. बायोडेटात ब्लॉगचा पत्ता होता आणि समोरच्या बाईंनी ती पोस्ट उघडूनच ठेवली होती. त्यांनी विचारलं, "शंभर फाइली आल्या तर 1904 वाल्या ओळखणार कशा?" मी म्हटलं, एकेका फाइलसाठी सोपी खूण आहे. 1 लिहून तारखेचा फॉरमॅट द्या, 1 जानेवारी 1900 दिसलं तर एक पद्धत, 2 जानेवारी 1904 दिसलं तर दुसरी. पण शंभर फाइलींना हे हाताने कोण करणार, म्हणून मग स्क्रिप्टवर बोलणं गेलं आणि बराच वेळ तिथेच रंगलं. 'तुमच्या जमेच्या बाजू सांगा' हा प्रश्न आलाच नाही. त्या जागेचं पुढे वेगळ्या कारणाने जमलं नाही, पण इतका मोकळा इंटरव्ह्यू मी याआधी दिलेला नाही.

एक गंमत. सर्वांत जास्त गाजलेली पोस्ट वेगळीच होती. एक्सेल 'मार्च1' सारख्या जीनच्या नावांची परस्पर तारीख करून टाकतं, म्हणून अशा जीन्सची नावंच बदलली गेली. 2020 मध्ये जीन्सची नावं ठरवणाऱ्या ह्यूगो जीन नोमेनक्लेचर कमिटीने त्यासाठी नियमावलीही काढली. 'मार्च1' झालं 'मार्चएफ1'. ही पोस्ट लोकांनी भराभर शेअर केली, दोन दिवस आकडे नुसते उड्या मारत होते, आणि त्यातून एकही कामाची ओळख झाली नाही. तारखांची रुक्ष पोस्ट मात्र सर्चमधून रोज थोडे लोक आणते, आणि जे येतात ते नेमके त्याच खड्ड्यात पडलेले असतात.

ब्लॉगमुळे नशीब उघडल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत. नेट सिल्व्हर यांनी 2008 मध्ये सुरू केलेला निवडणूक अंदाजांचा ब्लॉग 2010 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर गेला. जोएल स्पोल्स्की आणि जेफ अॅटवुड या दोन ब्लॉगरनी 2008 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट काढली, तेव्हा त्यांचे वाचक आयतेच हाताशी होते. पण ही उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवून लिहायला बसलं तर दुसऱ्या महिन्यात उत्साह संपेल.

उलट बाजूचीही उदाहरणं लक्षात असू द्या. सहकाऱ्यांबद्दल ब्लॉगवर लिहिलं म्हणून हेदर आर्मस्ट्राँग यांची नोकरी 2002 मध्ये गेली. मार्क जेन यांना गुगलने 2005 मध्ये रुजू झाल्यावर काही आठवड्यांतच घरी पाठवलं, तेही ब्लॉगवरूनच. मी सुरुवातीलाच नेमणुकीचा करार काढून गोपनीयतेचं आणि 'नोकरीत असताना तयार केलेलं काम कोणाच्या मालकीचं' हे कलम वाचलं, मॅनेजरना मेल करून लेखी होकार घेतला. ब्लॉगवरचा सगळा डेटा बनवलेला असतो. कंपनीचा स्क्रीनशॉट, अगदी नावं पुसूनसुद्धा, टाकत नाही. ज्यांचं कामच गोपनीय आहे त्यांनी या भानगडीत पडण्याआधी दहादा विचार करावा.

तक्रारी? आहेत ना. नवी साइट गुगलवर दिसायला फार वेळ लागतो. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगल साइटमालकांना देतं त्या टूलमध्ये, पोस्ट 'सापडली, पण इंडेक्स केलेली नाही' (सर्चच्या यादीत घेतलेली नाही) अशी पडून राहते. हल्ली सर्चच्या वरच एआयचं तयार उत्तर येतं, त्यामुळे पोस्ट दिसते खूपदा आणि क्लिक मात्र कमी. कॉमेंटमध्ये स्पॅमचा पाऊस असतो, म्हणून कॉमेंट बंद करून मेल आयडी ठेवला. मधे एका फुकटच्या प्लॅटफॉर्मवरही लिहून पाहिलं. तिथे वाचकाला आधी लॉगिन करायला लावतात, सहकाऱ्याला लिंक पाठवायची सोयच उरत नाही. पोस्ट स्वतःच्या डोमेनवर असावी या मतावर मी तेव्हापासून ठाम आहे.

वेळेचं म्हणाल तर एका नीट पोस्टला सुट्टीची अख्खी सकाळ जाते, कधी दोन. 'दर आठवड्याला एक' हा नेम मी सोडून दिला. महिन्यात एक झाली तरी पुरे, फक्त ती कोणाचं तरी अडलेलं काम सोडवणारी हवी. न्यूजलेटरही बंद केलं. सध्या पॉवर क्वेरीवर (एक्सेलमधलं डेटा आणून साफ करायचं साधन) लिहितेय: लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते सेटिंग, चुकलं की 03/04 चं तीन एप्रिल होतं की चार मार्च, आणि हे रिपोर्ट बाहेर जाण्याआधी पकडायचं कसं.