ऑटो-कंटूरिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठवाड्यातल्या कुठल्याही रेडिओथेरपी विभागात तोंडाच्या कॅन्सरची रांग मोठी, तंबाखू-गुटख्याची कृपा. शेक (रेडिएशन) द्यायच्या आधी सीटीच्या स्लाइसवर वाचवायचे अवयव आखावे लागतात: मज्जारज्जू, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), दोन्ही पॅरोटिड (कानापुढच्या लाळग्रंथी), जबडा, स्वरयंत्र. 3 मिमीच्या शंभरावर स्लाइस. तासाभराचं हे काम एआय काही मिनिटांत करतं, हेच ऑटो-कंटूरिंग. ट्यूमरची आखणी मात्र डॉक्टरांचीच.

ऑपरेशन न झालेल्या पेशंटमध्ये मज्जारज्जू आणि जबड्याला फारसा हात लावावा लागत नाही. पॅरोटिड मात्र दर वेळी बघा. तिथला सरासरी डोस 26 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनचं माप) आत ठेवायचा असतो. रेषा बाहेरच्या चरबीत घसरली की कागदावर सरासरी कमी दिसते आणि पेशंटचं तोंड मात्र कोरडं पडतं.

खरा घोळ ऑपरेशननंतरच्या पेशंटचा, आणि आपल्याकडे गालाच्या कॅन्सरचे बहुतेक तेच. अर्धा जबडा गेलेला, छातीचा फ्लॅप (तिथून आणलेलं मांस-कातडं) बसवलेला, मानेच्या गाठींसोबत सबमँडिब्युलर ग्रंथीही (जबड्याखालची लाळग्रंथी) काढलेली. एआयचं मॉडेल शिकलंय अखंड चेहऱ्यांवर. नसलेली ग्रंथी ते बिनधास्त आखून देतं, टायटॅनियमच्या प्लेटला जबडा समजतं. म्हणून आधी ऑपरेशन नोट उघडायची, काढलेले अवयव यादीतून खोडायचे, मगच रन करायचं. दातांतल्या चांदीमुळे सीटीवर पट्टे आले की पॅरोटिडची रेषा मध्येच तुटते. तेवढ्या स्लाइसवरची रेषा पुसून वरखालच्यांवरून इंटरपोलेट केलेलं (मधली रेषा अंदाजाने भरलेली) बरं.

क्लाउडवर पाठवताना एक स्लाइस अर्धा एमबी, म्हणजे 150 स्लाइसचे 75 एमबी. लाइट गेली की अपलोड अर्धवट राहतं आणि तुटकी सीरिजही कधी कधी मुकाट प्रोसेस होते. दोन्हीकडच्या स्लाइस मोजून जुळवा. पेशंटचं नाव जरूर काढा, पण स्लाइसचे युआयडी (प्रत्येक स्लाइसचा ओळख-क्रमांक) बदलू देऊ नका. बदलले तर परत आलेली फाइल प्लॅनिंगमध्ये सीटीवर बसतच नाही.

सॉफ्टवेअरच्या अपडेटने सगळ्यात जास्त छळलं. अवयवांची नावं बदलली, प्लॅनिंगच्या ठरलेल्या टेम्पलेटशी जुळेनात, डोसचे रकाने रिकामे. आता प्रत्येक अपडेटनंतर जुन्या 10 पेशंटच्या सीटी पुन्हा चालवून जुन्या आखणीशी ताडतो, तोवर नव्या पेशंटला हाताने. पैसे पेशंटमागे मोजावे लागतात, म्हणून हाडाच्या दुखण्यासाठी 10 शेक घेणाऱ्याला हे लावतच नाही.