हिरो ४टी प्लस १०डब्ल्यू-३०: सोलापुरात स्प्लेंडरला किती किलोमीटर पुरतं?

९७.२ सीसीच्या स्प्लेंडरला हे ऑइल पुरतं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातही पुरतं. हे आधीच सांगायला हवं, कारण एप्रिल लागला की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो: "पातळ ऑइल उन्हात टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाका." बाटलीवर १०डब्ल्यू-३० (जाडपणाची ग्रेड), एपीआय एसएल (ऑइलच्या दर्जाची खूण), जासो एमए२ (मोटारसायकलच्या क्लचला चालतं याची खूण) आणि ९०० मिली असं छापलेलं असतं. या इंजिनाला नेमकं हेच लागतं.

ग्रेडमधला ३० हा आकडा ऑइल १०० अंशांवर असतानाचा जाडपणा सांगतो: ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (जाडपणा मोजायचं एकक; आकडा मोठा तितकं ऑइल जाड). ५० ग्रेडचं ऑइल त्याच तापमानाला १६.३ ते २१.९ भरतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट जाड. बाहेर ३० अंश असोत की ४३, चालत्या इंजिनातलं ऑइल त्याहून खूपच गरम असतं, आणि ते धरूनच कंपनीनं ग्रेड ठरवलेली असते. जाड ऑइलनं इंजिन लगेच बिघडत नाही. पण सकाळी किक मारल्यावर ते वर, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्ट आणि रॉकरपर्यंत उशिरा पोचतं, आणि ॲव्हरेजही थोडं घटतं. जुनं इंजिन धूर मारत असेल तर जाड ऑइलनं धूर काही दिवस कमी दिसतो. पिस्टनची घासलेली रिंग मात्र तशीच राहते.

एमए२ या खुणेकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. मोटारसायकलचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यामुळे क्लचप्लेटा घसरतात. स्कूटरसाठीचं, एमबी खुणेचं ऑइलही इथे चालत नाही. दुकानदारानं "सगळं एकच असतं" म्हटलं तरी बाटली फिरवून ही दोन अक्षरं वाचायचीच.

आता किलोमीटर. स्प्लेंडरच्या वेळापत्रकात ६००० किलोमीटरला ऑइल बदल आणि मध्ये ३००० ला टॉपअप, म्हणजे कमी झालेलं ऑइल वरून भरणं, दिलेला आहे. सोलापूरहून रोज तुळजापूर किंवा अक्कलकोट करणाऱ्यानं ताशी ५०-५५ च्या वेगानं गाडी चालवली, तर हा हिशेब बरोबर जमतो. एका दमात ४० किलोमीटर चाललेलं इंजिन पूर्ण तापतं, ऑइलमध्ये शिरलेलं पाणी आणि पेट्रोल वाफ होऊन निघून जातं. टॉपअप मात्र चुकवायचा नाही. महामार्गावर तासभर ७५-८० नं पळवलेलं छोटं इंजिन थोडं ऑइल खातंच, आणि इंजिनातलं २०० मिली गेलं की उरलेल्यावर सगळा भार पडतो.

गावातल्या गावात फिरणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही. घरातून नवी पेठ, तिथून सात रस्ता, परत घर. प्रत्येक टप्पा दोन-तीन किलोमीटरचा आणि मध्ये गाडी बंद. इंजिन तापायच्या आतच थंड होतं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, त्यातलं न जळलेलं रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं, आणि ७८ अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. पावसाळ्यात डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या काडीच्या) टोपणाखाली दुधाळ फेस दिसतो तो ऑइलमध्ये मिसळलेल्या पाण्यामुळे. असा वापर असेल तर २५०० ते ३००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, ऑइल पूर्ण बदलावं. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून वर्षभर तेच ऑइल ठेवणं ही या शहरातली सर्वांत महाग काटकसर आहे.

हाताच्या सवयीही तितक्याच भोवतात. गर्दीत हाफ क्लचवर गाडी रेटली की प्लेटांचा भुगा थेट ऑइलमध्ये जातो. क्लच लिव्हरला टोकाशी १० ते २० मिमी ढील असायलाच हवी. ती नसेल तर क्लच सतत थोडा घसरतो आणि नवं ऑइलही लवकर काळं पडतं. तुळजापूरच्या घाटात डबल सीट असताना चौथ्या गिअरमध्येच ओढत राहणंही वाईट. इंजिनाचे फेरे कमी, म्हणून पंप ऑइल कमी देतो, आणि पिस्टनवरचा दाब मात्र सर्वांत जास्त. इंजिन खडखडायच्या आधीच तिसरा टाकावा. उन्हात उभ्या गाडीचं इंजिन गप्पा संपेपर्यंत चालू ठेवू नये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळतो तो गाडी चालली तरच.

ऑइल काळं झालं एवढ्यावरून ते संपलं असं होत नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. गिअर कडक पडू लागले, न्यूट्रल सापडेना, तर मात्र ऑइलची ताकद गेली असं समजावं. गिअरचे दातही याच ऑइलमध्ये फिरतात आणि त्याला दळून पातळ करतात.

धुळीवर कुठलंच ऑइल उपाय नाही. चिंचोळीच्या एमआयडीसीकडे किंवा खडीच्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर एअर फिल्टर वेळेआधी बघावा. तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर हवेनं फुंकायचा नसतो, सरळ बदलायचा. त्यातून गेलेली बारीक वाळू बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) घासते आणि मग इंजिनकाम निघतं.

ऑइल बदलताना गाडी पाचेक मिनिटं चालवून गरम करावी आणि मेन स्टँडवर सपाट जागी लावावी. खालचा १७ नंबरचा नट काढून ऑइल थेंब थेंब होईपर्यंत गळू द्यावं. वायसर नवा घालावा. जुना दाबून बसवायला नट जास्त आवळला की केसिंगचे आटे जातात, कारण केसिंग ॲल्युमिनियमचं असतं. मग नवं ऑइल भरून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवावं, बंद करून तेवढाच वेळ थांबावं आणि डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून पातळी बघावी. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑइलही वाईट, फेस होऊन ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत जाळी आणि क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो; तो गरगर फिरून घाण बाहेर फेकतो आणि त्याच्या भिंतीला काळा लगदा चिकटतो. नुसता नट काढून ऑइल बदललं तर तो तिथेच राहतो. दर १२ हजारांच्या आसपास कव्हर उघडून दोन्ही साफ करायला सांगावं, सोबत नवं गॅस्केट. दहा मिनिटांत ऑइल बदलून देणारे हे काम स्वतःहून करत नाहीत, मागून घ्यावं लागतं.

बाटली घेताना झाकणाचं सील आणि पॅकिंगची तारीख बघा, रिकामी बाटली तिथेच कापून टाका, म्हणजे ती कुणी पुन्हा भरून विकणार नाही. निघालेलं ऑइल गटारीत ओतू न देता गॅरेजच्या डब्यातच राहू द्या.

बुलेटवाल्यांनी ही बाटली घेऊ नये, त्यांना १५डब्ल्यू-५० लागतं.