बाईकसाठी वेगळा जीपीएस घेतला, नऊ महिने झाले, तर लिहितो

पहिलंच सांगून टाकतो, रोज कोथरूड ते हिंजवडी करण्यासाठी घेणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या. ट्रॅफिकच्या बाबतीत हे यंत्र फोनच्या जवळपासही येत नाही आणि मिसळीचं दुकान शोधायला गेलात तर कधीच बंद पडलेलं शोधून देईल. मी घेतला तो घाटांसाठी आणि कोकणासाठी. आणि खरं कारण म्हणजे फोनचा कॅमेरा गेला.

झालं असं की माझी बाईक सिंगल सिलिंडर, हँडलला साधा होल्डर लावून त्यात फोन, दोन वर्षं असंच चाललं. मग एक दिवस फोटो काढायला गेलो तर स्क्रीनवर चित्र नुसतं थरथरतंय, फोकसच होईना आणि कॅमेरा चालू केला की आतून बारीक किर्रर्र आवाज. रिपेअरवाल्याने फोन कानाला लावून ऐकला आणि म्हणाला, "बाईकवर लावता ना साहेब?" हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यातली लेन्स बारीक चुंबकांवर सरकती ठेवलेली असते, इंजिनच्या थरथरीने तिचंच वाटोळं होतं. अ‍ॅपलने तर सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच लेखी सांगितलेलं की जास्त पॉवरच्या मोटरसायकलला फोन थेट लावू नका, आपण वाचतो कुठे. थरथर शोषणारे रबरी डँपर मिळतात, ते लावून फोनच वापरणारे दोस्त आहेत माझे आणि त्यांचं बरं चाललंय, हे पण लिहायलाच हवं.

मित्राच्या रॉयल एनफिल्ड मीटिओरवर कंपनीचाच तो गोल छोटा ट्रिपर आहे, बाण आणि अंतर दाखवतो, पण त्याला फोन जोडलेला लागतो. मला फोन पूर्ण खिशात हवा होता. शेवटी साडेपाच इंची युनिट घेतलं, सेकंडहँड, २८ हजाराला. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाव घेतलं की सगळी चर्चा तिकडेच जाते.

चांगलं काय ते आधी. ऊन. मे महिन्यात दुपारी दीडला महाडच्या अलीकडे, डोक्यावर सूर्य, स्क्रीन चक्क वाचता येते आणि यंत्र तापून बंद पडत नाही. आयफोनच्या माहितीत वापरायचं तापमान ० ते ३५ डिग्री लिहिलंय, आपल्याकडे पस्तीस तर मार्चमध्येच होतं. दुसरं, पाऊस. फोन पाऊचमध्ये घातला की थेंब पडून स्क्रीन आपोआप दाबली जाते, नकाशा एकदा रायगडात एकदा थेट अरबी समुद्रात, आणि तुम्ही ग्लोव्ह्ज दातात धरून पुसत बसता. जुलैत ताम्हिणीत चार तास धो धो पावसात युनिट उघडं होतं, काही झालं नाही. आयपीएक्स७ आहे, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण हे रेटिंग नुसतं पाण्यात बुडण्याचं, प्रेशरच्या फवाऱ्याचं नाही, त्यामुळे वॉशिंगला बाईक देताना युनिट काढूनच द्या, तो पोरगा बघत नाही कुठे जेट मारतोय.

एक गैरसमज मात्र दुकानदार मुद्दाम जिवंत ठेवतात, की घाटात नेटवर्क गेलं की फोनचा जीपीएस पण जातो. तसं काही नसतं हो. सिग्नल उपग्रहाकडून येतो, चार उपग्रह दिसले की जागा कळते, मोबाईल टॉवरशी देणंघेणं नाही. जातो तो नकाशा, आणि तो आधी डाउनलोड करून ठेवला की फोन पण चालतो. म्हणजे निव्वळ या कारणासाठी युनिट घेऊ नका.

आता डोक्याला ताप. पहिल्याच मोठ्या राईडला, पुणे ते गुहागर, दापोली करून दाभोळला उतरलो. समोर खाडी, पलीकडे धोपावे दिसतंय, फेरीबोट लागलेली, आणि स्क्रीनवर गुहागर शंभराच्या वर किलोमीटर! मागे फिरा, खेड, चिपळूण, असा वळसा. पाच मिनिटं मी खरंच बाईक वळवून उभा होतो. जेटीवरचे काका म्हणाले, "अहो, जेटीपर्यंत येऊन परत कुठे चाललात? तिकीट काढा." तिकीट काढलं, पलीकडे गेलो. संध्याकाळी सेटिंग उघडलं तर 'फेरी टाळा' ला टिक, जुन्या मालकाने लावून ठेवलेली किंवा आधीपासूनच असेल. कोकणात फिरणाऱ्याने घेतल्या घेतल्या पहिली ही टिक काढावी, नाहीतर वेश्वी-बागमांडला, तवसाळ-जयगड, सगळ्या फेरीबोटी तुमच्यासाठी नसल्यातच जमा.

उलटा प्रकार एक्सप्रेसवेचा. मोटरसायकल मोड लावलेला असूनसुद्धा मुंबईला जाताना मला दोनदा एक्सप्रेसवेवर चढवायला निघालं, जिथे दुचाकीला बंदीच आहे. अटल सेतू, समृद्धी, तिथेही आपल्याला प्रवेश नाही. मोड बदलून फक्त स्क्रीनवरचं कारचं चित्र बाईकचं झालं असं वाटतं. फोनवर गुगलने भारतात दुचाकीसाठी वेगळा मोड डिसेंबर २०१७ मध्येच आणलाय. युनिटमध्ये मी ते पट्टे हाताने टाळायच्या यादीत टाकले, अर्धा रविवार गेला.

आणि सगळ्यात जास्त शिव्या मी ज्याला घातल्या ते म्हणजे व्हाया पॉइंट. हे नीट वाचा, मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरवर रूट बनवताना वाटेत तुम्ही पिना टाकता, त्यात दोन जाती. व्हाया म्हणजे इथे जायचंच, शेपिंग म्हणजे फक्त रस्ता या बाजूने वळव. मी कुंभार्लीतून चिपळूणला उतरताना पाटणला चहासाठी पिन टाकली व्हाया, आणि ती हायवेवर न पडता आतल्या बोळात पडली, चाळीसेक मीटर. मी त्या बोळात न शिरता चहा पिऊन सरळ निघालो. मग युनिटमधली ही बाई कानात सुरू, यू टर्न घ्या, यू टर्न घ्या, कोयनानगर आलं तरी यू टर्न घ्या. हेल्मेटमध्ये इंटरकॉम, हातात ग्लोव्ह्ज, घाट सुरू होतोय, शेवटी ओढ्याच्या पुलाशी थांबून रूटच उडवला. आता मी पिन पूर्ण झूम करून रस्त्याच्या मधोमध टाकतो आणि व्हाया फक्त मुक्कामाला, बाकी सगळं शेपिंग. किंवा सरळ ट्रॅक, ट्रॅक म्हणजे नुसती रेघ, ती आपल्या मनाने बदलत नाही, चुकलात तर ओरडत पण नाही, तुम्हीच रेघेवर परत यायचं. घाटात मला आता ट्रॅकच आवडतो. रस्ता शोधायचं काम आपणच घरी बसून करायचं, यंत्राने तो फक्त डोळ्यासमोर धरून ठेवायचा, एवढी अपेक्षा ठेवली तर ते उत्तम आहे.

बंद रस्ता त्याला कळत नाही हे तर गृहीतच धरा. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, युनिट खुशाल भोरवरून तिकडेच पाठवतं. माझी पद्धत एकच, भोरच्या स्टँडवर चौकशी करायची महाडची एसटी सुटतेय का. एसटी बंद तर आपण पण ताम्हिणीतून.

वायरिंगबद्दल थोडं. मेकॅनिकने क्रेडलची, म्हणजे युनिट ज्यात बसतं त्या हँडलवरच्या खाचेची, वायर थेट बॅटरीला मारली, "चालतं भाऊ, काही होत नाही." दोन आठवडे बाईक उभी होती, नंतर स्टार्टर नुसता टक टक. बॅटरी जुनी होती हे मान्य, पण क्रेडल बंद असतानाही थोडा थोडा करंट खात असतं. आता रिले टाकलाय, चावी फिरवली की चालू, आणि मध्ये फ्यूज. हे पहिल्याच दिवशी करून घ्या, खर्च किरकोळ आहे.

आवाज मी बंदच करून टाकलाय. ताम्हिणीचं ती 'टॅमिनी' करते आणि गुहागरचं जे करते ते लिहिता येत नाही.

सेकंडहँड बघत असाल तर माझ्यासारखं फक्त स्क्रीनवरचे ओरखडे तपासू नका. मोटरसायकलचं क्रेडल सोबत आहे का बघा, बरेच जण गाडीतल्या काचेचा माउंट देऊन मोकळे होतात आणि क्रेडल वेगळं घ्यायला गेलं की घाम फुटतो. क्रेडलमधल्या पिना हिरव्या पडल्यात का बघा, युनिट बसवून हँडल जोरात हलवा आणि चार्जिंगचं चिन्ह जातंय का बघा, माझं जात होतं, मी पिना खोडरबराने घासून घेतल्या तेव्हापासून ठीक आहे. आणि जुन्या मालकाच्या अकाउंटमधून काढून घ्यायला सांगा, समोर बसूनच, नाहीतर नकाशा अपडेट करताना त्यालाच फोन करावा लागतो, मी तीन वेळा केलाय, तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही.