कुठे गेले माझे घोडे? जुन्या टर्बो पेट्रोलसोबत अकरा महिने

गाडी घेतली तेव्हा मीटरवर १,३८,००० किलोमीटर होते, आज १,५२,००० आहेत. २०११चं मॉडेल, १.८ लिटर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, कागदावर १६० पीएस, म्हणजे साधारण तेवढेच घोडे. मी तिसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं रडगाणं गाडीच्या वयाचं आहे, आधीच्या दोन मालकांचं आहे आणि थोडं माझंही आहे.

पहिले तीन महिने मी खूश होतो. आधीची गाडी साधी डिझेल, त्यामुळे जे मिळालं तेच १६० घोडे असं धरून चाललो. दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला घरी जातो. येताना बोगदा आहे, जाताना मात्र खंबाटकी चढावाच लागतो. फेब्रुवारीत घरी कार्य होतं म्हणून दोन गाड्या काढल्या. बायको तिची एक लिटरची नवी टर्बो घेऊन मागे. घाटात उसाच्या ट्रकला ओलांडायला मी तिसऱ्यात पाय दाबला आणि गाडी नुसती ओरडत राहिली. बायको शेजारून निघून गेली. वर चहाला थांबलो तेव्हा "दमली का रे तुझी गाडी?" एवढंच म्हणाली.

पिकअप असाच जातो. आठवड्याला पाव घोडा कमी झाला तर पायाला काही कळत नाही, आपण नकळत पेडल जरा जास्त दाबू लागतो. चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. थोडीफार हवा गळली तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टर्बोला जास्त पळवून भरपाई करतो, आणि हव्या असलेल्या व मिळणाऱ्या दाबातला फरक बराच वाढून टिकून राहिला तरच तक्रार नोंदवतो. तोवर बिचारा टर्बो जास्त फिरतो, जास्त तापतो.

पहिल्या गॅरेजमध्ये फोरमनने एक चक्कर मारली आणि "रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलणं) म्हणून १,४०,००० चा आकडा सांगितला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघितलं का विचारलं, तर "आवाजावरून कळतं साहेब." मी चावी परत घेतली. दुसऱ्या मिस्त्रीने प्लग काढून गेज लावला: ११.५, ११, ११.५, १०.५ बार. चारही सिलिंडर जवळपास सारखे, म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह धडधाकट. पाऊण तासाच्या त्या कामाने लाखाचा खर्च टळला. जुनी वेगवान गाडी "ओढत नाही" म्हणून कोणी इंजिन उघडायला निघालं, तर आधी हे चार आकडे मागा.

मग ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल घेतला, गाडीच्या सॉकेटला लावला की ईसीयूचे आकडे फोनच्या अ‍ॅपवर दाखवणारा. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, २,००० पासून ५,५०० आरपीएमपर्यंत पेडल पूर्ण दाबून लॉग काढला. ३,५०० ला ईसीयू १,७५० मिलिबार मागत होता आणि मिळत होते १,४८०. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अ‍ॅपमध्ये दिसतो तो एकूण दाब. पुण्यात नुसत्या हवेचाच दाब ९५० च्या आसपास असतो, समुद्रकाठासारखा १,०१३ नाही. तो वजा करा: टर्बोकडून हवे होते ८००, येत होते ५३०. एक तृतीयांश बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, गायब.

मिस्त्रीने धुराचं मशीन लावलं. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, धूर भरला आणि दोन मिनिटांत इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) येणाऱ्या जाड रबरी होजच्या खालच्या बाजूने बारीक निळसर रेघ निघाली. क्लिप ढिली, आणि तिच्याच खाली होजला बोटभर चीर. वरून हात फिरवला तरी लागत नव्हती, होज पिळल्यावर तोंड उघडायची. बूस्ट आला की नेमकं तेच होत असणार. टर्बोवरचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर जादा हवा वळवणारी झडप) काढला तर आतला रबरी पडदा कडेने फाटलेला. होज, क्लिप, व्हॉल्व्ह मिळून साडेआठ हजार. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवल्यावर काजळी का येत होती, तेही कळलं. एअर फ्लो सेन्सरने मोजलेली हवा पुढे वाटेत गळत होती, आणि पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडत होतं. ॲव्हरेज साडेआठवरून साडेदहावर आलं ते या एका दुरुस्तीने.

बूस्ट आला, पण वरचा दम आला नाही. ४,५०० नंतर गाडी मऊच. ढोबळ हिशोब असा, की पेट्रोल गाडीत एअर फ्लोचे ग्रॅम प्रतिसेकंद भागिले ०.८ म्हणजे साधारण घोडे. (गळती असताना हा हिशोब करू नका, गळालेली हवाही त्यात मोजली जाते.) माझा आकडा १०६ वर अडकला होता, म्हणजे १३० च्या आसपास.

इनटेक मॅनिफोल्ड काढलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. व्हॉल्व्हच्या पाठीवर चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा थर. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर करपलेल्या गुळासारखी कपची निघाली, बोटात दाबली तर आतून तेलकट. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि ती धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये जातं, आणि क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर भाजत राहते. त्यामुळे टाकीत ओतायच्या बाटल्या इथे कुचकामी, ते औषध त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. मी आधी अशा दोन बाटल्या ओतल्या होत्या, असो. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोताने मारून चारही पोर्ट साफ केले. चौदा हजार आणि अख्खा दिवस. नंतरचा लॉग: १२१ ग्रॅम, म्हणजे १५० च्या घरात. सकाळी गाडी सुरू होताना थरथरायची, तेही थांबलं.

प्लग बदलले, एक कॉइल बदलली. मिस मारणं थांबलं, बाकी फार फरक नाही. एअर फिल्टर 'परफॉर्मन्स'वाला लावून पाहिला, आवाज वाढला, आकडा तोच. पैसे वाया.

राहिलेले दहा घोडे आणायला मी निघालेलो नाही. वेस्टगेटच्या, म्हणजे टर्बोवरून जादा एक्झॉस्ट बाजूला काढणाऱ्या, झडपेत खेळ आहे, २,५०० वर पाय उचलला की डब्यात खिळा खुळखुळावा तसा आवाज येतो. झडप नीट बसत नाही, म्हणून २,२०० च्या खाली गाडी जरा आळशी आहे. त्यावर उपाय म्हणजे टर्बो उतरवणं. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात, पुन्हा पासिंग, पर्यावरण कर. ते झाल्यावर बघू. उन्हाळ्यात दुपारी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर तापला की गाडी अजूनही सुस्तावते, ईसीयू ठिणगी मागे घेतो; ते नव्या गाडीतही होतं, म्हणून त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मागच्या शनिवारी खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्येच चढली. अजून गाळप सुरू नाही, त्यामुळे घाट मोकळा होता. उसाचे ट्रक सुरू झाले की बायकोला पुन्हा मागून यायला सांगणार आहे.